नावाआधीची दोन अक्षरं

बाबा घरातून गेले तेव्हा मी आठवीत होते आणि धाकटी बहीण पाच वर्षांची. त्याआधीची दोन वर्षं कशी होती ते आधी सांगते.

आम्ही शिंपी. मराठ्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात, धारला आलेल्यांपैकी. पणजोबांनी दरबारी अंगरखे शिवले, आजोबांनी पोलिसांच्या वर्द्या शिवल्या आणि बाबांनी शाळेचे गणवेश. दर पिढीला कापड हलकं होत गेलं. नव्वदनंतर बाजारात तयार गणवेश टांगलेले दिसू लागले आणि जूनचा महिना, जो आमच्या घरी दिवाळीपेक्षा मोठा असे, तो रिकामा जाऊ लागला. बाबांनी दुकान सोडलं. मशीन घरी आलं आणि खिडकीखाली बसलं. आई शेजारच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. घरातलं वरण पातळ होत गेलं. "उन्हाळ्यात पातळच बरं असतं," आई म्हणायची. थंडीतही तेच म्हणायची. माझा शाळेचा झगा तीन वेगवेगळ्या निळ्या तुकड्यांचा होता. बाबांनी जोड इतका सफाईनं घातला होता की हात फिरवला तर कळत नसे. रंग मात्र दिसायचा. शिंप्याची मुलगी म्हणून वर्गात त्यावरून दोन वर्षं ऐकून घेतलं.

मग एका सकाळी बाबांनी पिशवीत कात्री, टेप आणि एक सदरा घातला. "देवासला एका कारखान्यात वर्द्यांचं काम निघालंय म्हणतात. बघून येतो. परवा येईन."

"डबा देऊ?" आईनं विचारलं.

"नको. परवा येतोच आहे."

ते आले नाहीत. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, दोनदा देवासला जाऊन आले. कारखान्यांच्या गेटवर, सरकारी दवाखान्यात, देवीच्या टेकडीखालच्या धर्मशाळांमध्ये विचारलं. पोलिसांत लिहून दिलं. बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. "एकदा बघितलेला माणूस विसरणार नाही असा चेहरा आहे दादाचा," काका म्हणायचे. पण कुणी बघितलंच नव्हतं.

आईनं कुंकू लावणं थांबवलं नाही. सुरुवातीला कुणाला त्यात काही वाटलं नाही. पुढं पुढं वाटू लागलं. हळदीकुंकवाला बोलावणं करताना बायका दारात क्षणभर थांबायच्या. बेपत्ता माणसाची बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्यालाच अग्नी देतात आणि मग तो माणूस गेला असं धरतात. बारा वर्षं झाली तेव्हा काकांनी विषय काढला. आई म्हणाली, "बघितलंय का कुणी त्यांना गेलेलं?" काका उठून घरी गेले. पण दर पितृपक्षात ते पुन्हा येत. ते वाईट नव्हते. एकदा ते म्हणाले, "वहिनी, माझ्या भावाला पाणी मिळत नाही. मी कुणाच्या नावानं काय करू ते तरी सांगा." आईनं त्यांना चहा दिला. विधी झाला असता तर त्याच दिवशी तिचं 'सौ.' गेलं असतं. तिला एवढं एकच राखायचं होतं आणि ते ती एकटीनं राखत होती.

मी धारच्या कॉलेजातून बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली आहे, हे मी कुणी न विचारताही सांगते. पुढं कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायला मी देवासला मावशीकडे आले. मावशीचे यजमान कारखान्यात होते. नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींच्या वस्तीत त्यांचं क्वार्टर होतं. पहिलं वर्षभर मी देवासच्या बसस्टँडवर पुरुषांच्या हनुवट्या बघत चालायचे. मग ते थांबलं. कधी थांबलं ते आठवत नाही. काही ठरवलं वगैरे नव्हतं.

नवीन माणसं विचारायची, "पापा क्या करते हैं?" मी सांगायचे, "पिताजी नहीं हैं." तेवढ्यावर भागायचं. पुढं कुणी विचारत नसे.

डिप्लोमा झाल्यावर एका फोटो स्टुडिओत नोकरी लागली. मालकांना सगळे भिया, म्हणजे भैया, म्हणत; मीही म्हणायचे आणि ते मला बेन, म्हणजे बहीण, म्हणायचे. काम असं: लोक जुने-नवे फोटो आणून देत, मी ते स्कॅन करायचे, एकामागोमाग लावायचे, खाली गाणं टाकायचे आणि सीडी करून द्यायचे. एका फोटोला पाच सेकंदं. फोटो बदलताना काय व्हावं ते गिऱ्हाईक सांगे. पान उलटल्यासारखं करा, खिडकी उघडल्यासारखं करा. लग्नवाल्यांना बदाम हवा असे: "नवरा-नवरी बदामातून काढा ना दीदी." काचेला चिकटलेला फोटो कसा सोडवायचा, बुरशीचा ठिपका गालावरून कसा पुसायचा, हे मी तिथं शिकले. श्रद्धांजलीचेही व्हिडिओ असत. त्यासाठी भियांनी एक पाटी करून ठेवली होती: वर 'स्व.', मध्ये रिकामी जागा, फोटोला आपोआप पडणारा झेंडूचा हार आणि खाली हलती ज्योत. नाव आणि फोटो घातला की दोन मिनिटांत तयार.

दुसऱ्यांच्या मयताच्या फोटोंवर मी आठ-आठ तास बसायचे. मला काही व्हायचं नाही. मावशी म्हणायची, "तुला रडू कसं येत नाही गं?" मी म्हणायचे, "काम आहे."

नंतर ब्रॉडबँड आलं आणि लोक सीडीऐवजी म्हणू लागले, नेटवर टाकून द्या, मुलगा बाहेर आहे, तिथं बघेल. मग व्हिडिओ लहान करायचा, दहा मिनिटांच्या आत बसवायचा आणि चढवायला लावायचा. चढायला सगळी दुपार जाई. मध्ये लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. भिया त्या पट्टीकडे बघत बसत. "चढ़ री है बेन, हाथ मत लगाना."

धाकटीचं लग्न ठरलं ते सरदारपूरच्या घरात. माणसं चांगली होती. त्यांनी बाबांबद्दल एकदाच विचारलं आणि आई म्हणाली, "बाहेरगावी असतात." ते समजायचं ते समजले. लग्नपत्रिका धारच्या प्रेसमध्ये हिंदीत छापली. बाबांच्या नावाआधी 'श्री' आलं. काकांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवली. कन्यादान काका-काकूंनीच केलं.

फोटो भियांनी काढले. देवासहून मुद्दाम आले, लग्नाचा आहेर म्हणून. नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ अमेरिकेत होता, त्याला येता आलं नव्हतं. त्याच्यासाठी व्हिडिओ नेटवर टाकायचं ठरलं. सुरुवातीला दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं आणि फोटो, मग धाकटीचं लहानपण, मग लग्न. मला सत्यनारायण आणि मांडवपरतणीसाठी चार दिवस धारलाच थांबायचं होतं, म्हणून व्हिडिओ भियाच करणार होते. मी पाकिटात जुने फोटो घातले. बाबांचा एकच फोटो होता, मशीनवर बसलेले, मान वर केलेली, हनुवटीवर डाग.

तेवढ्यात आई आली. तिच्या हातात वहीचं पान होतं. "कार्ड हिंदीत झालं. हे तरी मराठीत येऊ दे. नावं मी लिहिलीत तशीच घाल."

आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर जुन्या वळणाचं, शेंडीवाला श आणि पाय मोडलेला ल. बाबांच्या नावाआधी तिनं 'रा. रा.' लिहिलं होतं आणि स्वतःच्या नावाआधी 'सौ.' महाराष्ट्रातल्या वाचकांना ते कळेल. मला कळलं नाही. मी पहिलीपासून हिंदी शाळेत. माझी मराठी कानानं आलेली, डोळ्यांनी नाही. मला वाटलं, आईच्या माहेरची काही जुनी रीत असेल. विचारायला हवं होतं. पण पदवीधर झाल्यापासून आईला अक्षर विचारायची मला सवय राहिली नव्हती. पान तसंच पाकिटात घातलं.

दोन दिवसांनी भियांचा फोन आला. मी मांडवाचे बांबू मोजून देत होते.

"बेन, ये तेरे पिताजी के आगे रा. रा. क्या है? राम-राम?"

"पता नहीं भिया. पुराना कुछ होगा. आप देख लो."

"ठीक है, मैं देख लेता हूँ."

इतकंच बोलणं झालं. पुढं जे झालं त्यात माझा वाटा किती, ते मी नंतर पुष्कळदा मोजलं आहे. दर वेळी उत्तर तेच येतं, म्हणून आता मोजत नाही.

व्हिडिओ चढला. धाकटीच्या अमेरिकेतल्या दिरानं तो बघितला आणि लिंक पुढं पाठवली. सरदारपूरच्या मंडळींनी त्यांच्या मित्रांना, मित्रांनी आणखी कुणाला. काकांचा मुलगा इंदूरला होता, त्यानं बघितला आणि काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू आमच्या दारात उभे होते. काका अंघोळ करून, धोतर नेसून आलेले. आई धाकटीच्या रुखवताची भांडी पुसून ठेवत होती.

"वहिनी," काका म्हणाले, "शेवटी मान्य केलंत. बरं झालं. मी गुरुजींशी बोलतो, येत्या अमावास्येला उरकून घेऊ."

"काय उरकायचं, भाऊजी?"

"काय म्हणजे? तुम्हीच लिहून जगाला दाखवलंत. अमेरिकेत पोचलं."

"मी काय लिहिलं?"

काका माझ्याकडे वळले. "हिला विचारा. कॉम्प्युटरवाली ही आहे."

काकू पदर सावरून म्हणाल्या, "लग्नाच्या व्हिडिओत बापाला हार घातला, दिवा लावला. आमच्यात तर असं कधी बघितलं नाही बाई."

माझ्या लक्षात आलं. लगेच सगळं आलं: पाटी, हार, ज्योत. मला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. खरं सांगायचं तर क्षणभर हलकं वाटलं, की कुणीतरी एकदाचं लिहिलं. मी ते तोंडातून काढलं नाही. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहिते आहे.

आईनं हातातली वाटी पुसून पुरी केली. मग म्हणाली, "मला दाखव."

धारमध्ये तेव्हा एक सायबर कॅफे होता, प्लायवुडचे खण आणि प्रत्येक खणाला पडदा. आई चप्पल बाहेर काढून आत आली. कॅफेवाला म्हणाला, "अरे आंटी, चप्पल पहन के आओ, कोई मंदिर थोड़े ही है." आईनं ऐकलं नाही. त्यानं हेडफोन दिला, तो तिनं परत केला. तिनं सगळा व्हिडिओ बिनआवाजाचा बघितला.

आधी सरदारपूरचे सासू-सासरे आले, पान उलटल्यासारखे. मग बाबा. मशीनवर बसलेले, मान वर. नावाआधी 'स्व.' झेंडूचा हार वरून सरकत आला आणि गळ्यात बसला. खाली ज्योत हलत राहिली. पाच सेकंदं. मग आई, नावाआधी 'श्रीमती.' मग धाकटी, बदामातून.

"थांबव," आई म्हणाली. मी थांबवलं. "हे कुणी लिहिलं?"

"भियांनी."

"मी काय लिहून दिलं होतं?"

"रा. रा."

"म्हणजे काय?"

मी माउसवरचा हात काढला.

"राजमान्य राजेश्री," आई म्हणाली. "जिवंत माणसाच्या नावाआधी लिहितात. मेलेल्याच्या नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तुझ्या आजोबांच्या नावाआधी होतं." ती पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "इतकी वर्षं शाळा, वर कॉलेज, वर ते कॉम्प्युटरचं. आणि मला चौथीत आलेली दोन अक्षरं तुला येत नाहीत. बरं, येत नाहीत तर नाहीत. विचारलंसही नाही."

"चुकलं."

"अमावास्येला किती दिवस आहेत?"

"चार."

"ते काढ. भाऊजींनी गुरुजींना सांगायच्या आत काढ."

मी त्याच दुपारी देवासला निघाले. धार ते इंदूर, इंदूर ते देवास. खिडकीशी जागा मिळाली. बाहेर सोयाबीन कापलेली शेतं होती. मी काही विचार केला असेल तर तो आठवत नाही. शेजारची बाई केळं देत होती, ते घेतलं आणि खाल्लं.

सकाळी स्टुडिओत गेले. भियांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसलेले उभे राहिले.

"अरे बेन! तूने ही तो बोला था, पिताजी नहीं हैं."

"नहीं हैं मतलब घर पे नहीं हैं."

"तो ऐसा बोलना था ना! सात साल से मैं उनको स्वर्गीय मान के बैठा हूँ. तेरी शादी की बात चली थी तब भी मैंने लड़के वालों को यही बोला." ते पुन्हा बसले. "कार्ड पे श्री देखा, शादी में आंटी का कुंकू देखा, फिर भी समझा कि तुम मराठी लोगों में चलता होगा. मैं तो समझा रा. रा. मतलब राम-राम हो गया, गुज़र गए. मैंने सोचा मराठी में ऐसा लिखते होंगे, मैं साफ हिंदी में लिख दूँ. मेरी अम्मा सुनेगी तो मारेगी मुझे."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. कान धरून ते देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. मी म्हणाले, "भिया, पासवर्ड सांगा."

एकदा चढवलेल्या व्हिडिओतली पाटी बदलता येत नसे. जुना पुसायचा आणि नवीन चढवायचा, एवढाच मार्ग. भिया एका बारशाचे फोटो काढायला निघून गेले आणि मी एकटी बसले. व्हिडिओच्या खाली लोकांनी लिहिलेलं होतं. चार जणांनी. पहिल्या ओळीत होतं: ईश्वर उनकी आत्मा को शांति दे, जोड़ी सुंदर है. मी पुढचं वाचलं नाही. पुसायचं बटण दाबलं. संकेतस्थळानं विचारलं, नक्की पुसायचं का? हो म्हटलं.

मग नवीन पाटी केली. हार काढला, ज्योत काढली. 'रा. रा.' लिहिलं, 'सौ.' लिहिलं. आईचं वहीचं पान समोर ठेवून एकेक अक्षर जुळवलं. सिनेमाचं गाणं घातलं होतं, ते तासाभरात संकेतस्थळानंच काढून टाकलं, हक्क दुसऱ्याचा आहे म्हणून. तेव्हा धाकटीच्या लग्नातली मंगलाष्टकं लावली. त्यांच्यावर कुणी हक्क सांगितला नाही. लाइट एकदा गेली. पुन्हा पहिल्यापासून चढवला. रात्री आठ वाजता चढला.

भिया परत आले ते कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावरून न काढताच म्हणाले, "हटा दिया?"

"हो. नवीन टाकला."

"और नीचे वाला? पढ़ा था ना?"

"कौनसा?"

"कल शाम को किसी ने लिखा था. कि ये अंकल स्वर्गीय कैसे हो गए, ये तो सतवास में हमारे बाजू में सिलाई करते हैं. सफेद दाग वाले. मैंने सोचा तू आएगी तब दिखाऊँगा. सुबह तूने आते ही डाँट दिया तो दिमाग से निकल गया."

मी विचारलं, कुणी लिहिलं होतं. नाव आठवत नव्हतं. नावात आकडे होते, इतकंच. पुसलेल्या व्हिडिओबरोबर खालचं लिहिलेलंही जातं आणि ते परत येत नाही. मला ते माहीत होतं, मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचे. तरी अर्धा तास शोधलं. अमेरिकेतल्या दिराला विचारलं. त्यानं लिंक किती जणांना पाठवली होती ते त्यालाच ठाऊक नव्हतं. बाकीच्या दोघांपैकी एक सरदारपूरचा निघाला, त्यानं नुसत्या शुभेच्छा दिल्या होत्या.

आता एक गोष्ट साफ लिहायला हवी. भिया खरं बोलले की आपली चूक भरून काढायला त्यांनी ते रचून सांगितलं, हे मला माहीत नाही. पांढरा डाग फोटोतही दिसत होता. मी त्यांना विचारलं नाही. ते तेव्हा पिशवीची चेन लावत होते, माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्याकडे मी त्यानंतर आणखी चार वर्षं काम केलं आणि तरी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारला पोचले. काका बसलेले होते, पंचांग मांडीवर. आई भाजी निवडत होती. मी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्या हातून काय पुसलं गेलं तेही.

काका उठले. "सतवास? देवासहून बस आहे ना? मी उद्या जातो. सकाळची गाडी धरतो."

"नाही, भाऊजी," आई म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"तुम्ही जायचं नाही. हिनंही जायचं नाही."

"वहिनी, पंधरा वर्षं झाली! तुमचा नवरा असेल तिथं."

"असेल." आईनं मेथीची काडी मोडली. "परवा येतो म्हणून गेलेत. घर त्यांना माहीत आहे, आपण बदललेलं नाही. यायचं असेल तर सतवासहूनही रस्ता आहे."

"आणि त्या पोरानं खोटं लिहिलं असेल तर?"

"तर तुम्ही अमावास्येला जे करणार होता ते तरी कशावरून खरं?" आता तिनं मान वर केली. "कुणीतरी मेले म्हणून लिहिलं, कुणीतरी जिवंत म्हणून लिहिलं. पहिलं तुम्ही एका दिवसात मानलंत, धोतर नेसून आलात. दुसरं मी मानते."

काकांनी पंचांग मिटलं. त्यांचे डोळे भरले होते. मी तेही बघितलं आणि मला काही झालं नाही. मग ते म्हणाले, "तो जिवंत असेल तर मी तीन वर्षं उगाच तुमच्या मागं लागलो."

"चहा टाकू?" आई म्हणाली.

"टाका. साखर कमी."

मी सतवासला गेले नाही. देवासहून तिकडची गाडी रोज सुटायची, तिच्या खिडकीवरची पाटी मला स्टुडिओत जाताना दिसायची. मला बंदी होती म्हणून गेले नाही असं म्हणता येईल, पण अठ्ठावीस वर्षांच्या बाईला बंदी कोण घालणार? तिथं एखादा म्हातारा मशीनवर बसलेला सापडला असता तर त्याला काय विचारायचं ते मला सुचलं नसतं. आणि नसता सापडला तर आईच्या हाती जे लागलं होतं ते माझ्याच हातून पुन्हा गेलं असतं. एकदा गेलं होतं तेवढं बस झालं.

काही महिन्यांनी आईनं मला जुन्या पत्रिका काढून वाचायला बसवलं. ति. स्व., चि. सौ. कां., गं. भा., रा. रा. कुठलं अक्षर कुणाला, कधीपर्यंत, आणि कधी बदलतं. मी वहीत उतरवून घेतलं. पुढं स्टुडिओत मराठी पाट्यांचं काम सगळं माझ्याकडेच आलं. देवास-इंदूरची मराठी घरं नावं लिहून आणत आणि एखादं अक्षर शंकेचं असलं की मी फोन करून विचारायचे, माणूस आहे की गेला. लोकांना तो प्रश्न आवडायचा नाही. तरी विचारायचे.

पुतळ्याचा विधी झाला नाही. काकांनी पुन्हा विषय काढला नाही. बाबा आले नाहीत. नवीन व्हिडिओ नेटवर आहे, सहा मिनिटं आणि काही सेकंदांचा. त्यात बाबांच्या नावाआधी रा. रा. आहे आणि आईच्या नावाआधी सौ.